लोखंडी पेटीतलं इंटरनेट

चाचांकडे खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक जे जे विचारतात त्याची सगळी उत्तरं मनात जुळवून गेलो होतो. लग्न झालंय, बायको लातूरला दवाखान्यात नर्स आहे, मुलगी तिच्याजवळ असते, मी इथं नांदेडला कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो, शनिवारी संध्याकाळी लातूरला जातो, सोमवारी सकाळी येतो. चाचांनी यातलं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. वरच्या खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी विचारलं, "टेबल कुठं ठेवणार?"

मी खिडकीकडं बोट दाखवलं.

"कॉम्प्युटर हाय?"

"आहे."

त्यांनी खिशातून मापाची टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन जिना उतरू लागले. मी अनोळखी घरात, खिडकीपाशी, टेपचं टोक धरून उभा. बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "अठ्ठेचाळीस फूट! खोली तुमची, सर."

चाचा टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाईनमन होते. भोकरपासून किनवटपर्यंतच्या जंगलातली लाईन त्यांच्याकडं होती. त्यांचं घराणं नांदेडचंच, पिढ्यान् पिढ्या जुन्या गावात राहणारं. भाऊ शिवणकामात होते, हे एकटे खांबावर चढले. तारेची भेंडोळी वाहून वाहून डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला होता, त्यामुळं ते कायम कुणाचं तरी वाकून ऐकत असल्यासारखे दिसत. प्रत्यक्षात ते कुणाचंच ऐकत नसत. कमरेला पक्कड असायची. घरात, बाजारात, लग्नकार्यात, सगळीकडं. एकदा कुणाच्या तरी निकाहला जाताना चाचींनी ती काढून ठेवायला लावली, तर अर्ध्या वाटेतून परत आले. म्हणाले, चालताना तोल जातो.

चाचांना ओळखणारे लोक त्यांना मजेशीर माणूस म्हणतात. असं म्हणणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्या घरात भाड्यानं राहिलेलं नाही.

घरात इंटरनेट होतं आणि ते भाड्यातच धरलेलं होतं. पण ते फक्त तारेनं मिळेल, अशी अट होती. मलाही ते चालणारच होतं, कारण माझा कॉम्प्युटर म्हणजे बंद पडलेल्या एका नेट कॅफेतून उचललेला जुना डबा. त्याला वायफाय नव्हतंच. वायफायला चाचा 'हवाई' म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर दुधात माशी पडल्यासारखा भाव येई.

"तार खोटं बोलत न्हाई, सर. तुटली तर तुटली, जोडली तर जोडली. हवेचा काय भरोसा? आज इकडं, उद्या तिकडं."

मी आलो त्याच दिवशी त्यांनी अठ्ठेचाळीस फूट तार ओढली. आता इंटरनेटची तार माणसं भिंतीच्या कडेकडेनं नेतात, खिळे मारतात, विषय संपला. चाचांनी ती आतल्या खोलीच्या भिंतीतून बाहेर काढली, अंगणातल्या कडुलिंबावर नेली, तिथून गच्चीच्या कठड्यावर. कठड्यावर त्यांनी चिनी मातीचे दोन पांढरे इन्सुलेटर बसवले, टेलिफोनच्या खांबावर असायचे तसले. मग तार अशी काही ताणली की वारा आला की ती गुणगुणायची. खाली उभं राहून मान मागं टाकून ते बराच वेळ बघत राहिले. एवढ्या प्रेमानं एखाद्या तारेकडं बघताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

लिंबावर खारी होत्या.

पहिल्यांदा तार कुरतडली गेली ती पंधराव्या दिवशी. संध्याकाळी सात ते नऊ मी लातूरच्या एका कोचिंग क्लासची पोरं ऑनलाईन शिकवायचो. पगाराचा मोठा भाग तिथूनच यायचा. गुरुत्वाकर्षण शिकवता शिकवता मी मध्येच थिजलो. पडद्यावर माझं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, एक हात वर. पोरांनी त्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवसापासून ते चित्र एकमेकांना पाठवू लागली. वर्षभर मी त्या वर्गात तोंड उघडं टाकलेला माणूस म्हणूनच ओळखला जात होतो.

चाचा लगेच लिंबावर चढले. सत्तरीचा माणूस. मी खालून "नको, नको" म्हणतोय, चाची आतून ओरडतायत, आणि हे फांदीवर बसून पक्कडीनं तार सोलतायत. आत आठ बारीक तारा, रंगीत. त्यांनी रंगाला रंग जोडून आठही पिळल्या, काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि उतरले.

"चाचा, या तारेला असा जोड चालत नाही. आठही तारांचा पीळ ठरलेला असतो. नवीनच टाकावी लागते."

"मला शिकवून राहिले का, सर? एकतीस वर्षं जोड मारले. इस्लापूरच्या पुढं अस्वल बसलेलं असायचं खांबाखाली, तवा पण जोड मारला."

जोडातून इंटरनेट आलं, पण लंगडत आलं. मग खारींनी दुसरीकडं कुरतडली. मग तिसरीकडं. पावसाळा संपेपर्यंत त्या तारेला अकरा जोड होते आणि माझ्या आवाजाला प्रत्येक वाक्यात दोन खड्डे. नवी तार मी स्वतः आणली, तर ती त्यांनी नीट गुंडाळून माळ्यावर ठेवली. म्हणाले, चांगली तार हाय, जपून वापरू.

तारांचं वेड एवढ्यावर थांबत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत बायको आणि मुलगी नांदेडला आल्या होत्या. आम्ही मोटरसायकलवर सहस्रकुंडचा धबधबा बघायला निघालो. चाचांनी रस्ता सांगायला आम्हाला अंगणात थांबवून घेतलं.

"इस्लापूरचं फाटक सोडलं की खांब मोजायचे. अकरा सोडा. बाराव्याला डावीकडं वळा. तिथून सातव्या खांबाला लई मोठं सागाचं झाड हाय, त्याच्या सावलीत बसून डबा खावा."

आम्ही फाटक सोडलं आणि खांब मोजायला लागलो. टेलिफोनचा एकही खांब दिसेना. विजेचे होते, ते मोजावेत तर बाराव्याला डावीकडं कापसाचं शेत. बायको मागं बसून म्हणत होती, "लोकांना विचारा ना." आणि मी मूर्खासारखा पुढं पुढं जात राहिलो, कारण चाचांनी इतक्या खात्रीनं सांगितलं होतं. शेवटी विचारलंच. धबधबा भलत्याच बाजूला होता. परतल्यावर मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "चाचा, तिथं एकही खांब नाही."

ते तार गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "असं कसं? मी स्वतः रोवलेत."

माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ, तुम्ही कुठं राहताय, असा होता.

नव्या वर्षात मला लातूरच्या एका कॉलेजातून पत्र आलं. कायम जागा होती. मुलाखत ऑनलाईन, महिन्याभरानं, सकाळी अकरा वाजता. दोन वर्षं मी शनिवारची बस आणि सोमवारची बस यांच्यामध्ये संसार करत होतो. मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि मी सोमवारी निघालो की मला "परत या हं" असं पाहुण्याला म्हणावं तसं म्हणायची. अकरा जोडांच्या तारेवर ही मुलाखत द्यायची, या विचारानंच मला घाम फुटला.

फोनवर बायको म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरला कार्ड बसवा ना. आमच्या दवाखान्यात परवा बसवलं. वायफाय पण येतं आणि ब्लूटूथ पण. तुमच्या वाढदिवसाचा हेडफोन तसाच पडलाय, तोही लागेल."

मला वर्षभर हे सुचलं नव्हतं. मी बाजारातून कार्ड आणलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, मागं दोन काळे अँटेना, आणि सोबत वीतभर लांबीची एक बारीक तार. खाली जाऊन चाचांना एवढंच विचारलं, "चाचा, तुमच्या राऊटरचं वायफाय चालू आहे का?"

त्यांच्या चेहऱ्यावर दुधातल्या माशीचा तो भाव आला. मग म्हणाले, "चालू हाय."

"पासवर्ड मिळेल?"

त्यांनी तो कागदावर लिहून दिला, घडी घातली आणि माझ्या हातात ठेवला. पोरगी सासरी पाठवताना बापाचा चेहरा जसा होतो, तसा चेहरा करून.

त्या आठवड्यात लातूरला गेलो नाही; रविवारी सकाळी मी कॉम्प्युटर बंद केला, वीज काढली, डब्याची बाजू उघडली. आत नेट कॅफेच्या काळातली धूळ. ती झाडली, मागची एक पत्र्याची पट्टी काढली, कार्ड छोट्या खाचेत दाबून बसवलं, स्क्रू पिळला. एवढ्यात दारात चाचा. त्यांना बोलावलं नव्हतं. उघडलेलं यंत्र त्यांना जिन्याखालून वास लागून कळत असावं.

"ही तार कुठं जाते?" त्यांनी खोक्यातली बारीक तार उचलली.

"ती लागत नाही, चाचा. वायरलेस कार्ड आहे."

"लागत न्हाई तर दिली कशाला?"

"देतात काहीतरी सोबत."

"कंपनी येडी हाय का, सर?"

मी पुढच्या कामाला लागलो. अँटेना पिळून बसवले, झाकण लावलं, कॉम्प्युटर चालू केला, ड्रायव्हर टाकला. वायफायची खूण आली. ब्लूटूथ मात्र कुठंच दिसेना. सेटिंगमध्ये नाही, यादीत नाही. ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. कॉम्प्युटर तीन वेळा बंद-चालू केला. चाचा कॉटवर बसून ती बारीक तार बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते. मला ते बघून संताप येत होता.

दोन तासांनी ते उठले. भिंग घेऊन आले. मला न विचारता झाकण काढलं, वाकले. "हे बघा. कार्डावर इथं चार टोकं, तारेचं हे डोकं बरोबर बसतं. आता दुसरं डोकं. नऊ भोकं, एक बुजवलेलं. खाली बोर्डावर बघा, दोन ओळी, एका कोपऱ्यात पिन न्हाई. बुजवलेलं त्याच्यावर."

त्यांनी तार बसवली. मी कॉम्प्युटर चालू केला आणि ब्लूटूथ आलं. हेडफोन पहिल्या झटक्यात जोडला गेला.

खरं सांगायचं तर हे त्या खोक्यातल्या कागदावर चित्र काढून दाखवलेलं होतं. वायफाय खाचेतून चालतं, ब्लूटूथला ती तार लागतेच. मी कागद उघडलाच नव्हता.

चाचा सरळ उभे राहिले. जेवढं त्यांना सरळ होता येई तेवढे. "हवाई कार्डाला पण तार लागते," ते म्हणाले. "लिहून ठेवा, सर."

ते मी लिहून ठेवलं नाही, पण त्यांनी गावभर सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. मशिदीत सांगितलं. रस्त्यानं जाताना अनोळखी म्हातारे मला थांबवून विचारू लागले, "तुम्हीच का ते सर? तार विसरलेले?"

इथवर ठीक होतं. पण वायफाय चालेना. नाव दिसायचं, एक काडी दिसायची, जोडलं जायचं, तुटायचं. अँटेना फिरवले, कॉम्प्युटर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेला, दाराजवळ नेला, खाली जमिनीवर ठेवून स्वतः पालथा पडून शिकवलं. एक काडी. फक्त दुपारी दीडच्या सुमारास एक चमत्कार व्हायचा. सगळ्या काड्या भरायच्या, वारं सुटल्यासारखं इंटरनेट यायचं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा एक काडी. रोज. मी वहीत वेळा लिहू लागलो. शेजाऱ्यांचा पंप त्या वेळी बंद असतो का, बघून आलो. समोरच्या मोबाईलच्या टॉवरवर संशय घेतला. उन्हाचा कोन, आर्द्रता, काय काय डोक्यात आलं. दुकानदाराकडून कार्ड बदलून आणलं. दुसऱ्या कार्डाचंही तेच. मुलाखतीला आठ दिवस राहिले.

एके दिवशी दुपारी चाचींनी हाक मारली, गॅसची टाकी आत सरकवायची होती. मी कधी त्यांच्या आतल्या खोलीपर्यंत गेलो नव्हतो. टाकी लावली, सहज दारातून आत नजर गेली.

दुपारची नमाज आटोपून चाचा जमिनीवर बसले होते. समोर मोठी लोखंडी पेटी, रजया ठेवतात तसली, झाकण उघडं. एका बाजूला भोक पाडून त्यातून तारा आत सोडलेल्या. पेटीत पांढऱ्या कापडाच्या घडीवर राऊटर ठेवलेला, त्याचे दिवे लुकलुकत होते, आणि चाचा त्याला ताडाच्या पंख्यानं वारा घालत होते.

मी राऊटरकडं बोट दाखवलं. म्हणालो, "हा पेटीत असतो?"

"हाव. आधीपासून."

"बंद पेटीत?"

"उघडा ठेवला तर रस्त्यावर सांडतं ना, सर. गल्लीतले सगळे उचलतील. किनवटच्या जंगलात तांब्याची तार किती चोरली लोकांनी, तुम्हाला काय सांगू. मी चौकीदारासारखा फिरायचो. आता घरातलं तरी जपू द्या."

"आणि आत्ता झाकण का उघडलंय?"

"तापतो बिचारा. रोज दहा मिनिटं हवा देतो."

मी भौतिकशास्त्र शिकवतो. धातूच्या बंद पेटीतून असल्या लहरी बाहेर पडत नाहीत, हे मी त्याच आठवड्यात दोन वर्गांना फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. वर जाऊन मी डोक्यावर उशी घेऊन पडलो.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढं हात जोडले. कायमची उघडी नको, फक्त मुलाखतीच्या दिवशी दोन तास उघडी ठेवा. बायको-पोरीजवळ जायचा प्रश्न आहे. चाचांनी चाचींकडं बघितलं. चाची म्हणाल्या, "ठेवतील. मी बघते."

आणि त्यांनी ठेवली. मुलाखतीच्या दिवशी सकाळी दहाला मी खाली जाऊन स्वतः बघितलं. झाकण उघडं, राऊटर चकचकीत पुसलेला, शेजारी चाचा इस्त्रीचा सदरा घालून बसलेले, जणू मुलाखत त्यांचीच होती. मी वर आलो. सगळ्या काड्या भरलेल्या. अकराला पाच जणांचे चेहरे पडद्यावर आले. हेडफोनमध्ये आवाज इतका स्वच्छ होता की एकाचं चहा पिणंही ऐकू येत होतं. नाव, शिक्षण, अनुभव झालं. मग मधल्या बाईंनी विचारलं, "ग्रामीण विद्यार्थ्याला विद्युतचुंबकीय लहरी कशा समजावाल?"

मला हसू आलं. यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणी विचारला नसता. मी म्हणालो, "मॅडम, मी त्यांना एक लोखंडी पेटी..."

आणि चेहरे थिजले. पाचही. मधल्या बाईंची भुवई वर गेलेली, तशीच राहिली.

मी जिन्यावरून धावलो. अर्ध्या जिन्यावरच दिसलं, दारात दोन अनोळखी माणसं उभी, काहीतरी यादी घेऊन घरोघर फिरणारी. चाचा त्यांच्याशी बोलत होते. आणि मागं आतल्या खोलीत पेटीचं झाकण बंद. कुणी परकं दारात आलं की पेटी लावायची, ही त्यांच्या हाताची सवय. डोक्यापर्यंत गोष्ट पोचायच्या आधीच हातानं झाकण लावलं होतं.

मी जिन्यातूनच ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं मला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. सगळं आठवतं. "जपताय काय? काय राहिलंय जपायला? तुमच्या तारा भंगारात गेल्या, चाचा! खांब गेले, लाईन गेली, कुणाला तुमची तार नको आहे! माणसाचं आयुष्य जळतंय आणि तुम्ही भंगाराची राखण करताय!"

दारातली माणसं खाली बघू लागली. चाची स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.  चाचा आत गेले, झाकण उघडलं आणि पेटीजवळ उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून.

मी वर पळालो. चेहरे पुन्हा हलू लागले होते. मी माफी मागितली, धाप लागलेल्या आवाजात पेटीची गोष्ट सांगितली. मधल्या बाई हसल्या. पुढची वीस मिनिटं कशी गेली ते कळलं नाही. एक काडी कमी झाली नाही.

त्या दिवसापासून चाचा वर आले नाहीत. दिवे, नळ, खारी, कशाच्या निमित्तानं नाहीत. अंगणात समोरासमोर आलो तर मान हलवून बाजूला होत. मी खाली जायचं ठरवायचो आणि जिन्यात वळायचो. मला त्यांचा राग होता, खरंच होता. माझ्या जागी कुणालाही आला असता, हे मी स्वतःला रोज पटवत होतो.

आठवड्यानं चाची गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या. पापड पसरता पसरता, माझ्याकडं न बघता बोलल्या.

"बेटा, तुम्ही बोलले ते खोटं नव्हतं. लाईन भंगारातच गेली. पण ती काढली कुणी, म्हाईत हाय? यांनीच. नोकरीची शेवटची दोन वर्षं. खात्यानं सांगितलं, तार उतरवा, गुंडाळा, भरून पाठवा. जी लावली, तीच. भोकरपासून किनवटपर्यंत एकेक खांब. घरी आले की जेवायचे न्हाईत. हात धुवायचे, किती तरी वेळ हात धुवायचे. मी विचारलं तर म्हणाले, तांब्याचा वास जात न्हाई."

मी कठड्याला टेकून उभा होतो. अंगणात, इस्लापूरच्या रस्त्याचे खांब मोजून देणारा त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. खांब नाहीत हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. एकेक खांब कुठं होता, हे जगात आता फक्त त्यांनाच माहीत होतं.

खाली गेलो तेव्हा ते घरात नव्हते. आतल्या खोलीच्या दारातून पेटी दिसली. झाकण बिजागरीसकट काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. कधी काढलं, चाचींनाही सांगता आलं नाही. मुलाखतीच्या दिवसापासून माझ्याकडं काड्या भरलेल्या होत्या आणि मला वाटत होतं, चाची लक्ष ठेवतात.

दीड महिन्यानं लातूरहून निवडीचं पत्र आलं. सामान न्यायला टेम्पो ठरवला. निघायच्या सकाळी मी चाचांसमोर जाऊन बसलो. ते अंगणात खुर्चीवर होते. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. नोकरीचा ताण, बायकोपासून दूर, त्या क्षणी तोल गेला, वगैरे. त्यातलं पहिलं वाक्य मी जरा मोठ्यानं सुरू केलं, वयस्कर माणसाशी बोलतो तसं.

त्यांनी हात वर केला.

"सर, एक सांगू? एकतीस वर्षं खांबावर बसून मी लोकांचं बोलणं ऐकलं. तपासायला लाईन कानाला लावावी लागते, बोलणं कानावर पडतंच. लाईन खराब असली की माणूस ओरडतो. त्याला वाटतं, ओरडल्यानं पोचंल. पोचत न्हाई. आणि लाईन साफ असली की कुजबुजलं तरी किनवटला ऐकू जातं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमची-माझी लाईन साफ होती. मी खालीच होतो. तुम्ही नुसतं 'चाचा, झाकण' म्हणले असते तरी मी उघडलं असतं."

माझी सगळी वाक्यं गळून पडली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. चाची दारात उभ्या होत्या, पण त्यांनाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू मी म्हणालो, "चुकलं माझं, चाचा."

"हाव," ते म्हणाले. "ऐकलं."